मदत हवी आहे: हेडर बदलल्यापासून आयडलला फ्युएल ट्रिम +२३, पण प्लग मात्र काळे

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण आकडे सगळे टाकतो, म्हणजे परत परत विचारायला नको.

गाडी २०१४ ची १.२ पेट्रोल हॅचबॅक, पहिल्यापासून माझ्याकडेच आहे. दिवाळीनंतर कंपनीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून एका फॅब्रिकेटरकडून ४-२-१ हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे चार पाइप, आधी दोनात मग एकात मिळणारे) बनवून बसवला, जोडीला मोठा एअर फिल्टर आणि रिमॅप, म्हणजे इंजिन कॉम्प्युटरच्या (ईसीयू) सेटिंग बदलून घेतल्या. कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आहे तसाच ठेवलाय, तो काढायचा नाहीच आहे. पहिला ऑक्सिजन सेन्सर आधी मॅनिफोल्डच्या तोंडाशी होता तो आता वीतभर खाली गेलाय. वरच्या आरपीएमला गाडी मस्त पळते, वैभववाडीहून करूळ घाट चढताना फरक लगेच कळतो, पण सिग्नलला उभी राहिली की पेट्रोलचा वास येतो, अ‍ॅव्हरेज १७ वरून १३ वर आलंय आणि चेक इंजिन लाईट दोनदा लागली, दोन्ही वेळा कोड पी०१७१, म्हणजे सिस्टिम लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी.

स्कॅनर लावून गाडी पूर्ण गरम असताना घेतलेले आकडे: आयडल ७५० आरपीएम, मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) ३४ केपीए, लाँग टर्म ट्रिम (ईसीयू ठरलेल्या पेट्रोलात किती टक्के वाढ-घट करतोय ते) +१८, शॉर्ट टर्म +५ च्या आसपास. २५०० ला धरून ठेवली की दोन्ही मिळून +८, आणि घाटात लोडवर +४. पुढचा सेन्सर ०.१ ते ०.८ व्होल्ट नाचतो पण आयडलला खालीच, म्हणजे लीनकडे, जास्त वेळ रेंगाळतो. मागचा ०.६५ ला शांत.

आता मला न सुटणारी गोष्ट ही की ट्रिम सांगतंय मिश्रण लीन आहे, ईसीयू २३ टक्के जास्त पेट्रोल देतोय, पण प्लग काढून पाहिले तर चारही काळे, बोटाला काजळी लागते, सुकी, तेलकट नाही, म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. मग खरं कोणाचं मानायचं? सेन्सर मेला म्हणावं तर इनटेकमध्ये थोडा कार्ब क्लीनर मारला की लगेच ०.९ ला जातो, म्हणजे जिवंत आहे. फ्युएल प्रेशर गेज लावून पाहिलं, स्थिर आहे. इनटेकच्या सगळ्या पाइपांवर, गॅस्केटवर स्प्रे मारून झाला, आरपीएम जराही हलत नाही. एक बारीकशी गोष्ट, सकाळी थंड गाडी स्टार्ट केली की बॉनेटखालून टिकटिक येते, मिनिटा-दोन मिनिटांत बंद होते, टॅपेट असतील म्हणून सोडून दिलं.

ट्यूनरचं म्हणणं आहे की आयडलच्या भागात मॅपमध्ये (ईसीयूच्या पेट्रोलच्या तक्त्यात) सरळ १५ टक्के पेट्रोल वाढवू, ट्रिम आपोआप शून्यावर येईल. मला ते पटत नाहीये, आधीच काळे प्लग असताना अजून पेट्रोल कशाला? प्लीज कोणीतरी सांगा, इंजिनची वाट लागायच्या आत.

प्रतिसाद:

दादा, मॅपला अजिबात हात लावू देऊ नका. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. सेन्सरच्या आधी कुठल्या जॉइंटला फट असेल तर आयडलला दोन पल्सच्या मधे पाइपातला दाब खाली जातो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं लीन, ईसीयू पेट्रोल ओतत बसतो आणि प्लग काळे होतात. आरपीएम वाढला की धुराच्या लोंढ्यात ती हवा किस झाडकी पत्ती, म्हणून आरपीएम वर गेला की तुमचं ट्रिम उतरतंय. इनटेक लीक असता तर मॅप सेन्सरवाल्या गाडीत ती हवा सेन्सरला दिसते, आयडल चढतं, तुमचं तसं काहीच नाही. आणि ती टिकटिक टॅपेट नव्हे, हेडर तापून फुगला की फट दबते म्हणून आवाज बंद होतो. गाडी थंड असताना सायलेन्सरच्या तोंडाला ब्लोअर लावा, फडक्याने पॅक करा आणि हेडरवर साबणाचं पाणी मारा.

अपडेट, रविवार:

भाऊ, अगदी बरोबर निघालं, मनापासून आभार! तीन नंबर पोर्टच्या खाली, जिथे हातही जात नाही तिथे मोबाईलचा टॉर्च आणि छोटा आरसा धरला तर मोहरीएवढे बुडबुडे रांगेने फुगत होते. हेडर उतरवून फ्लँजवर (इंजिनाला टेकणाऱ्या जाड पट्टीवर) स्टीलची पट्टी ठेवली तर वेल्डिंगच्या उष्णतेने तो मधे वाकलेला, ०.३ मिमीची फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सहज आत जाते. उद्यमनगरात सरफेस ग्राइंडिंग करून घेतलं, नवीन पॅकिंग टाकलं, ट्रिम रीसेट करून दोनशे किलोमीटर चालवली. टिकटिक गायब, वासही गेला.

आता ट्रिम आयडलला +६, २५०० ला +५, घाटात +५. म्हणजे सगळीकडे जवळपास सारखंच, तर हे पेट्रोलमुळे असावं असं मला वाटतंय, रिमॅप ई१० (१० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) वर केला होता आणि आता टाकीत ई२० (२० टक्क्यांचं) आहे. ई१० ला हवा-पेट्रोलचं साधारण १४.१ चं प्रमाण लागतं, ई२० ला १३.५, फरक चारेक टक्क्यांचा, तो जुळतोय. आयडलला, क्रूझला ईसीयू हे सांभाळून घेतोय त्यामुळे तिथली चिंता नाही, पण फुल थ्रॉटलला तो ओपन लूपमध्ये जातो, सेन्सरचं ऐकत नाही, तिथे तेवढंच लीन राहत असेल तर? मित्राचा वाइडबँड (मिश्रण अचूक मोजणारा सेन्सर) पुढच्या शनिवारी मिळतोय, एएफआर (हवा-पेट्रोल प्रमाण) न बघता लॅम्डाच (ते प्रमाण भागिले आदर्श प्रमाण, १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त) बघणार आहे. ई२० वर टर्बो नसलेल्या इंजिनाला फुल थ्रॉटलला ०.८७ च्या आसपास लॅम्डा धरलं तर चालेल का, आणि वाढवायचं झालं तर सगळीकडेच इंजेक्टरचं पेट्रोल (इंजेक्टर स्केलिंग) चार टक्क्यांनी वाढवू की मॅपमधले फक्त वरच्या लोडचे सेल (रकाने)? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा.