गणपतराव देशमुख: ११ वेळा एकच आमदार, हे सांगोल्याचं भाग्य की नुकसान?

डाळिंबवाला: परवा घरात यावरून जोरात वाद झाला म्हणून इथे विचारतोय. गणपतराव, म्हणजे आमचे आबा, मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, एलएलबी करून सांगोल्यात वकिली धरली आणि १९६२ ला शेकापकडून (शेतकरी कामगार पक्ष) आमदार झाले ते २०१४ पर्यंत एकाच मतदारसंघातून ११ वेळा निवडून आले. मधे १९७२ ला आणि १९९५ ला पडले, पण पक्ष नाही सोडला, एसटीने फिरणं नाही सोडलं. माझ्या मते असा आमदार परत झाला नाही. चुलतभाऊ म्हणतो, साधेपणाने रानात पाणी येत नाही.

माणकाठ: भाऊ बरोबर बोलतोय. आमच्या आईची अर्धी जिंदगी टँकरच्या रांगेत गेली. आबांबद्दल आदर आहेच पण पन्नासेक वर्षांत मंत्रिपद दोनदा, १९७८ आणि १९९९ ला, बाकी सगळा काळ विरोधी बाकावर, मग निधी येणार कुठून? सत्तेतल्या पक्षात गेले असते तर टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी लवकर आलं असतं.

कोर्टाची पायरी: अजिबात पटलं नाही. १९९३ ला नागनाथअण्णा नायकवडींनी पाणी चळवळ उभी केली, १३ दुष्काळी तालुके एकत्र आले, दरवर्षी आटपाडीला पाणी परिषद, त्यात आबा कायम पुढे. आमदार सत्तेत होते म्हणून पाणी नाही आलं, माणसं वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरली म्हणून आलं. आणि सूतगिरणी? दुष्काळी तालुक्यात सहकारी सूतगिरणी काढून नीट चालवून दाखवली, ते कुणाच्या निधीवर? मी स्वतः वकील आहे, कलम वाचून मग तोंड उघडायचं ही सवय किती आमदारांना आहे सांगा.

मोहोळकर: वकील आमदार हेच मला पटत नाही. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने लोकप्रतिनिधींना वकिली करायला मोकळीक दिली, आमदार म्हणजे पगारी नोकर नव्हे म्हणून. पण दिवसभर कोर्टात उभा राहिला तर लोकांनी गाठायचं कुठे?

कोर्टाची पायरी: तो मुद्दा आजच्या बड्या वकिलांना लावा. आबांना गाठायला सांगोल्यात कुणाची चिठ्ठी लागत नव्हती.

माणकाठ: मग वारस का नाही घडवला? २०१९ ला वयामुळे थांबले तर तिकीट नातवाला, अनिकेतला, तो ७६८ मतांनी पडला. २०२४ ला दुसरा नातू बाबासाहेब निवडून आला. इतकी वर्षं खळ लावून पोस्टर चिकटवणाऱ्या, सायकलवर पक्षाचा बावटा लावून फिरणाऱ्या कार्यकर्त्यांतून एकही नाव पुढे येऊ नये?

डाळिंबवाला: हे मलाही लागलं, खोटं नाही बोलणार. माझे वडील त्यातलेच एक, कधी तिकीट मागितलं नाही, पण २०१९ च्या निकालाच्या रात्री जेवले नाहीत. तरी सत्तेत गेले असते तर पाणी लवकर आलं असतं हे मी मान्य करत नाही. शेजारच्या तालुक्यांत सत्तेतले आमदार होतेच की, तिथं कुठं आधी आलं?