हायाकावाने वाट उघडली की आपल्याच माणसांना डाग लावला?

नदीकाठी: काल 'द चीट' पाहिला. १९१५ चा अमेरिकन मूकपट. जपानी नट सेस्यू हायाकावा त्यात हस्तिदंताचा श्रीमंत जपानी व्यापारी झालाय. पैशांच्या बदल्यात कबूल केलेला सौदा बाई मोडू पाहते, तेव्हा तो मालावर उमटवायचा तापलेला शिक्का तिच्या उघड्या खांद्यावर दाबतो. डोळ्यासमोरून हलत नाही तो प्रसंग. या भूमिकेने तो स्टार झाला. पण कॅलिफोर्नियात १९१३ च्या कायद्याने जपानी लोकांना शेतजमीन घ्यायची बंदी झालेली होती. त्या वातावरणात असा जपानी रंगवणं म्हणजे आगीत तेल ओतणं. लॉस एंजेलिसच्या 'राफू शिम्पो' या जपानी वर्तमानपत्राने तेव्हाच निषेध केला होता. हायाकावाला हे कळत नव्हतं?

चंदेरी: दोष नटाच्याच माथी का? चित्रपट दिग्दर्शक सेसिल डिमिलचा. आणि पुढचं बघा ना! १९१८ मध्ये हायाकावाने स्वतःची हॉवर्थ कंपनी काढली. तिथला 'द ड्रॅगन पेंटर' (१९१९) बघाच. हरवलेल्या राजकन्येच्या ध्यासाने डोंगरात चित्रं काढत भटकणारा वेडा चित्रकार. लग्न होतं, ध्यास संपतो, आणि हातातला कुंचलाच चालेनासा होतो! नायिका त्याची खरी बायको, त्सुरू आओकी. त्या काळी हॉलिवूडमध्ये आशियाई जोडप्याचं प्रेम असं कोण दाखवत होतं?

नदीकाठी: पाहिलाय, आवडलाही. पण १९१८ मध्येच 'द चीट' परत आला तेव्हा काय केलं, माहितीये? पहिल्या महायुद्धात जपान अमेरिकेच्या बाजूने होता, म्हणून मूकपटात मधेमधे दिसणाऱ्या मजकुराच्या पाट्या बदलून व्यापाऱ्याला बर्मी करून टाकलं. चेहरा तोच, शिक्का तोच.

चंदेरी: मग तुम्हीच सांगा, पाट्या लिहिणाऱ्यांपुढे नटाचं काय चालणार होतं? त्याने केलं ते पडद्यावर. बाकीचे हातवारे करत असताना हा नुसत्या नजरेने धाक बसवायचा. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'मधला (१९५७) कर्नल सैतो आठवा. हट्ट सोडावा लागल्यावर खोलीत एकटा रडणारा. सत्तरीच्या घरात होता तेव्हा, आणि ऑस्करचं नामांकन मिळालं.

नदीकाठी: ते रडणं अस्सल आहे, वादच नाही. पण तिथेही तो युद्धकैद्यांच्या छावणीचा क्रूर अधिकारीच. आणि मधल्या काळात, १९४२ मध्ये, 'राफू शिम्पो' वाचणारी घरंच्या घरं अमेरिकेने छावण्यांत डांबली. त्यांच्याविषयीचा संशय लोकांच्या मनात मुरवायला पडद्यावरचा तो शिक्काही कामी आला, असं मला वाटतं. म्हणणं मागे घेत नाही.