पहाटे मांजर का उठवतं? कारणं, उपाय आणि फसलेले उपाय

धागाकर्ती

पहाटे पाचला गालावर पंजा, मग कानाशी घुरघुर, तरी हललो नाही तर टेबलावरचा चष्मा खाली. "आमच्याकडेही सेम" इतकंच लिहू नका. कारण कसं ओळखायचं, काय करायचं, किती दिवस लागतात आणि कुठे गाडी अडते, ते मोजमापासकट लिहा.

सुरुवात मी करते. यात दोन गोष्टींची गल्लत होते. मांजराला पहाटे जाग येणं हा त्याचा स्वभाव आहे. तुम्हाला उठवणं ही सवय, आणि ती बहुतेक वेळा आपणच लावलेली असते. स्वभावापुढे इलाज नाही, सवय मात्र मोडता येते.

मांजर निशाचर आहे असं लोक म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. त्याची खरी वेळ पहाट आणि तिन्हीसांज, कारण उंदीर-पाखरांची लगबग तेव्हाच असते. पुण्यात जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या जरा आधी उगवतो, जानेवारीत सातनंतर, आणि झुंजुमुंजू त्याच्याही आधी पाऊण तास सुरू होतं. "उन्हाळा लागला की ही जास्त लवकर उठवते" या तक्रारीचं उत्तर इथेच आहे. जाड पडदा लावून पाहा, फुकटातला उपाय आहे. मार्च ते जून दयाळ पक्षी अंधार असतानाच गायला लागतो, त्याला मात्र पडदा पुरत नाही.

वहीवाला

उपायाआधी चार-पाच दिवस नोंद ठेवा. तीनच रकाने: किती वाजता उठवलं, आदल्या रात्री शेवटचं खाणं किती वाजता झालं, आणि तुम्ही उठल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मांजराने काय केलं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

खाऊन परत झोपलं तर भूक. वाटीकडे न बघता खिडकीत जाऊन बसलं तर पाखरं किंवा बाहेरचा बोका. लिटरपाशी, म्हणजे शी-शूच्या ट्रेपाशी, घुटमळलं तर ट्रे घाण आहे. पांघरुणात शिरून गप्प झालं तर थंडी. मांजराला 30 अंशांच्या पुढची ऊब आवडते, आपल्याला पंखा लागतो तेव्हा त्याला बरं वाटत असतं. आणि यातलं काहीच न करता नुसतं ओरडत घरभर फिरत असेल तर उपाय शोधत बसू नका, डॉक्टरकडे न्या.

फीडरपंथी

दहांतल्या बहुतेक घरांत कारण भूकच निघतं. संध्याकाळी सातला जेवण आणि सकाळी सातला पुढचं, म्हणजे बारा तास पोट रिकामं. थोडं थोडं, अनेकदा खाणाऱ्या प्राण्याला हे फार होतं.

आधी दिवसाचं माप पक्कं करा. 4 किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या मांजराला रोज साधारण 240 किलोकॅलरी पुरतात. 100 ग्रॅमला 375 किलोकॅलरीचं कोरडं खाणं असेल तर दिवसाला सुमारे 64 ग्रॅम. पिशवीवरचा आकडा वाचा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. "एक मूठ" हे माप प्रत्येकाच्या हातागणिक बदलतं. याचे चार भाग करायचे: सकाळी 15, दुपारी 15, संध्याकाळी 14 आणि झोपण्याआधी 20 ग्रॅम. एकूण वाढवायचं नाही, वाटणी बदलायची.

मग टायमरचा फीडर. मांजर 5 ला उठवत असेल तर सकाळचा भाग पावणेपाचला पडू दे. आठवडाभराने त्याला कळतं की खाणं यंत्रातून येतं, माणसाकडून नाही. त्यानंतर दर तीन दिवसांनी वेळ 10 मिनिटं पुढे ढकला. पाचचे साडेसहा व्हायला महिना लागतो. घाई करून एकदम अर्धा तास ढकलला की मांजर पुन्हा तुमच्या छातीवर.

फीडर झोपायच्या खोलीत ठेवू नका. सेल घातलेले असू द्या, नाहीतर वीज गेली त्या दिवशी सगळं मुसळ केरात. पावसाळ्यात कोरडं खाणं सादळतं, म्हणून एका वेळी दोन दिवसांचंच भरा. मुंग्यांसाठी फीडर पाण्याच्या परातीत, पालथ्या ताटलीवर.

बारा_वाजता_खेळ

फीडरच्या जोडीला रात्रीचा खेळ हवा. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप हा मांजराचा क्रम आहे. त्याच क्रमाने रात्र लावायची. झोपण्याआधी 10 ते 15 मिनिटं काठीला बांधलेलं पीस पळवा, शेवटी दोन-तीनदा ते पकडू द्या, लगेच वाटी. लेझरने खेळवत असाल तर शेवटचा ठिपका खऱ्या खेळण्यावर आणून थांबवा. हाती काहीच न लागलेलं मांजर खेळून शांत होत नाही, उलट चेकाळतं.

उशीखाली_डोकं

आता दुर्लक्षाबद्दल. सल्ला बरोबर, पण अर्धवट दिला जातो. ओरडण्याला उत्तर मिळेनासं झालं की ओरडणं आधी वाढतं, मग थांबतं. चौथ्या-पाचव्या दिवशी गोंधळ शिगेला पोचतो आणि नेमकं तेव्हाच घरातलं कोणीतरी उठून वाटी भरतं. त्यातून मांजर शिकतं की पाच मिनिटांत भागत नाही, चाळीस मिनिटं ओरडावं लागतं. कधीतरीच मिळणारं बक्षीस सवय सर्वांत घट्ट करतं. म्हणून घरातल्या सगळ्यांचं एकमत होईपर्यंत सुरूच करू नका. आजोबांनी हळूच दूध दिलं की आठवडा वाया. (मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचतही नाही. पहाटे दूध, सकाळी जुलाब.)

रागावणं, "गप बस" म्हणणं, पाणी उडवणं हेही मांजराच्या हिशेबी उत्तरच.

आणि ते घुरघुरणं साधं नसतं बरं का. ससेक्स विद्यापीठात कॅरेन मॅककॉम्ब यांनी 2009 मध्ये दाखवलं की खाणं मागतानाच्या घुरघुरीत बाळाच्या रडण्याशी जुळणारा एक उंच सूर दडलेला असतो. दुर्लक्ष करणं जड जातं ते उगाच नाही.

बोका_बाहेरचा

दार बंद करून झोपलं तर?

उशीखाली_डोकं

चालतं, पण बाहेर पाणी, लिटर, झोपायची जागा हवी. जाळी नसलेल्या गॅलरीत कोंडू नका. नखांनी दार खरवडत असेल तर खालच्या दीड फुटावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा.

दवाखान्यातून

वरचं सगळं निरोगी मांजरासाठी. पुढच्या गोष्टी सवयीच्या नावावर खपवू नका.

दहा वर्षांपुढचं मांजर अचानक रात्री-पहाटे ओरडू लागलं, खाणं वाढलं तरी वजन घटतंय: थायरॉइडची टी-4 तपासणी, सोबत किडनी आणि रक्तदाब. कमी ऐकू येणारी म्हातारी मांजरंही मोठ्याने ओरडतात.

नसबंदी न झालेली मादी आळोखेपिळोखे देत, लोळत, शेपूट बाजूला करून ओरडत असेल तर ती माजावर आहे. भुकेचे उपाय इथे कुचकामी. पाच-सहा महिन्यांच्या वयात शस्त्रक्रिया करून घ्या.

बोका लिटरमध्ये पुनःपुन्हा बसतोय, कळ देतोय आणि लघवी होत नाही: हे सकाळपर्यंत थांबण्याचं प्रकरण नाही. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

आणि हट्ट मोडायचा म्हणून उपाशी ठेवू नका. दोन-तीन दिवस पोटात काही नसेल तर मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेततं.

न्यू_जर्सीकर

इकडे आणखी एक भानगड. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, मांजर जात नाही. सहाला उठवणारं पाचला हजर. आधीच्या सोमवारपासून फीडर रोज 10 मिनिटं उशिरा लावत जा, शनिवारी बरोबर तास भरतो. रविवारी फीडरचं घड्याळही बदलायचं, हे विसरलात तर आठवडाभराची मेहनत पाण्यात.