भिंतीतून पाण्याचा आवाज यायलाय: आधी फोडायचं की आधी तपासायचं?

धागाकर्ता, लातूर
आमच्या फ्लॅटच्या बाथरूममधल्या एका भिंतीतून रात्री पाण्याचा आवाज यायलाय. शॉवरच्या कॉकमागची भिंत, तिच्या पलीकडे डक्ट, म्हणजे सगळ्या मजल्यांचे पाइप उतरतात ती मोकळी जागा. बारीक सळसळ सतत असते, मधूनच टक टक होतं. भिंत कोरडी आहे, खालच्या घरात ओल नाही. प्लंबरनं टाइलवर चार ठिकाणी ठोकून पाहिलं आणि "फोडल्याबिगर कळायचं नाही" म्हणाला. सोसायटीतल्या बहुतेकांचंही तेच म्हणणं.

मला हे अजिबात पटत नाही. पाइपातला आवाज पाइपाच्या अंगानं लांबपर्यंत जातो. त्यामुळे जिथं कान लावल्यावर मोठा ऐकू येतो, गळती तिथंच असेल असं नाही. कालच रात्री मोटर बंद असताना, घरातले नळ बंद ठेवून मी फ्लॅटचा मुख्य कॉक फिरवला. आवाज तसाच चालू. म्हणजे पाणी आमच्या लाईनचं नाही. मग आमच्या टाइल्स कशासाठी फोडायच्या? आता वरच्या घराचा कॉक थोडा वेळ बंद करून पाहायचा आहे, पण ते म्हणतात, "आमच्याकडं काहीच गळत नाही." माझं मत असं: कोणाची लाईन आहे हे ठरल्याशिवाय छन्नी लावू नये, आणि तपासाला अर्धा तास कॉक बंद करणं ही शेजाऱ्याची जबाबदारीच आहे.

सिव्हिलवाला, नांदेड
दादा, तुमचा निष्कर्ष घाईचा आहे. छतावर सोलर आहे का? असेल तर गरम पाण्याची लाईन टाकीवरून वेगळी उतरते आणि तिचा कॉकही वेगळा असतो. तुम्ही थंड पाण्याचा कॉक बंद केला, गरम लाईन भरलेलीच राहिली. म्हणून "आमची लाईन नाही" हे अजून सिद्ध झालेलं नाही.

दुसरं, "भिंत कोरडी आहे" यावर विसंबू नका. टाइलमागं पाणी आधी प्लास्टरमध्ये आणि विटेत जिरतं, मग स्लॅबच्या कडेनं वाट काढतं. खालच्या छताला पापुद्रे सुटतात, लोणा फुटतो, तेव्हा गळती जुनी झालेली असते. ओल सळईपर्यंत गेली की गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट तडकतं. चार टाइल्सचा खर्च त्यापुढे काहीच नाही. मी असतो तर आठवडाही थांबलो नसतो.

वरच्या मजल्यावर राहणारी, परभणी
सिव्हिलवाले दादा, चार टाइल्स म्हणणं सोपं आहे. आमच्या खालच्या काकांच्या छताला ओल आली तेव्हा सगळी सोसायटी माझ्या दारात उभी होती. मिस्त्रीनं न्हाणीचा ट्रॅप उखडला, अर्धी फरशी काढली. घरात अंथरुणावर सासूबाई, आणि बाथरूम बंद. शेवटी गळत होता तो डक्टमधला सार्वजनिक पाइप. माझी फरशी कोणी भरून दिली नाही. जुन्या टाइल्सचा मेळ लागेना, म्हणून आजही दोन रंगांची फरशी आहे.

वर राहणारा म्हणजे गुन्हेगार, हे आधीच ठरवून टाकतात लोक. धागाकर्ते भाऊ, कॉक बंद करायला सांगा, जरूर सांगा. पण "तुमच्यामुळं होतंय" असं म्हणत दार वाजवू नका. आधी "आमचा कॉक बंद करून पाहिला, आता तुमचा पाहू" म्हणा, कोणीही ऐकेल.

लातूरचाच एक
मला मात्र इथल्या सबुरीचा त्रास होतो. 2016 साली आपल्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. मांजरा धरण कोरडं पडलेलं, टँकरपुढं घागरींच्या रांगा. त्या गावात भिंतीआड रात्रभर पाणी वाहायलंय आणि आपण कोणाची लाईन, कोणाची लाईन करत बसलोत. सतत सळसळ म्हणजे सतत वाहणं. नळाला रोज पाणी येत नाही, टँकरचे पैसे सगळेच मोजतात. पाणी कोणाचंही असो, आधी थांबवा.

धागाकर्ता
पाणी थांबवायची घाई मलाही आहे. पण चुकीची भिंत फोडली तर पाणी थांबत नाही, वाहतच राहतं आणि वर मलबा. म्हणून तर आधी कॉक.

सोलरचा मुद्दा बरोबर आहे. आज छतावर जाऊन आमच्या गरम लाईनचा कॉक बंद केला. टक टक थांबलं, सळसळ नाही थांबली.

सिव्हिलवाला, नांदेड
टक टक थांबलं त्याचं कारण गळती नसावी. गरम पाणी शिरलं की सीपीव्हीसीचा (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा) पाइप लांबतो, निवला की आखडतो, आणि क्लँपला किंवा प्लास्टरला घासत टकटकतो. थेंब पडल्यासारखाच वाटतो तो आवाज. तरीही गरम लाईनवर दाब तपासायचा हातपंप लावून दाब द्या आणि त्याच्या मीटरचा काटा पाहा. काटा उतरला नाही तर ती लाईन गळत नाही.

हिंगोलीहून
थोडं विषयाबाहेर, पण लिहितो. आमच्या जिल्ह्यात पांगरा शिंदेच्या भागात जमिनीतून गूढ आवाज येतात. किल्लारीचा 1993 चा भूकंप पाहिलेली माणसं घरात आहेत, कुठं धप्प झालं तरी अंगणात पळतात. म्हणून आवाज ओळखता येणं ही आमच्याकडं चैन नाही. फ्लश झाल्यावर थोडा वेळ खळखळ म्हणजे सांडपाण्याचा पाइप. नळाला पाणी आल्यावर गुडगुड म्हणजे रिकाम्या लाईनीतली हवा. नळ झटकन बंद केल्यावर ठक्क म्हणजे पाण्याचा दणका. वेळ लिहून ठेवा, निम्मा तपास तिथंच होतो.

सोसायटीचं काम पाहणारा, छत्रपती संभाजीनगर
पैशाचं कोणी बोलत नाही, भांडण तर त्यावरच होतं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सार्वजनिक पाइपलाईनची आणि ड्रेनेजची गळती संस्थेनं दुरुस्त करायची. संडास, सिंक वगैरेंमुळं होणारी घरातली गळती त्या त्या सदनिकाधारकाची. शिवाय ताबा मिळून 5 वर्षं झाली नसतील तर रेरा (घरखरेदीदारांसाठीच्या) कायद्यानं बांधकामातला दोष बिल्डरनं 30 दिवसांत मोफत दुरुस्त करायचा असतो. तुम्हीच आधी भिंत फोडलीत तर तो म्हणणार, तुमच्या मिस्त्रीनं पाइप तोडला. म्हणून फोटो, तारीख, लेखी पत्र आधी. इथं मी धागाकर्त्यांच्या बाजूनं आहे.

लातूरचाच एक
पत्राचं उत्तर येईपर्यंत पाणी वाहू द्यायचं का?

सोसायटीचं काम पाहणारा
नाही. कॉक बंद करा आणि पत्र द्या. दोन्ही एका दिवसात होतं.

धागाकर्ता
वरच्या काकूंशी बोललो. परभणीच्या ताईंनी इथं सांगितलं तसंच, आमचे दोन्ही कॉक बंद करून पाहिल्याचं आधी सांगितलं. त्यांनी लगेच होकार दिला. त्यांचा कॉक बंद केल्यावर थोड्या वेळानं सळसळ विरत गेली. मग त्यांच्या फ्लश टँकमध्ये खाण्याचा रंग टाकला. फ्लश न करता भांड्यात लाल रेघ उतरायला लागली. आतल्या रबरी वॉशरवर बोअरच्या पाण्याच्या क्षाराचा पांढरा थर होता, त्यामुळं तो नीट बसत नव्हता. पाणी अखंड भांड्यात आणि तिथून आमच्या भिंतीमागच्या पाइपात. म्हणून कुठं ओल नाही, फक्त आवाज.

सिव्हिलवाला, नांदेड
भिंत वाचली, आनंद आहे. तरी मी माझं म्हणणं सोडत नाही. त्या पाइपात रात्रंदिवस पाणी वाहत होतं, एखादा सांधा सैल असेल तर डक्टच्या बाजूनं भिंत भिजलेली असणारच. तुम्ही आतून कोरडी पाहिली, बाहेरून कोण पाहिलं?

धागाकर्ता
कोणीच नाही, हे खरं. डक्टमध्ये माणूस उतरवायचा खर्च संस्थेचा आहे, ते मी येत्या बैठकीत मांडतोय. वॉशर आज बदलला. काकूंनी पैसे घेतले नाहीत.

वरच्या मजल्यावर राहणारी, परभणी
भाऊ, डक्ट पाहायचाच आहे तर सगळ्या मजल्यांचा एकदम बघून घ्या. आणि बाकीच्या घरांतल्या फ्लश टँकमध्येही रंग टाकायला लावा. बोअर एकच आहे, क्षार सगळ्यांच्याच वॉशरवर असणार.