आरोग्यशास्त्राचं दूरशिक्षण: सरसकट दार लावणं बरोबर आहे का?

रविवारची_बाई
यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ऑगस्ट २०२५ मध्ये आदेश काढला: संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या २०२१ च्या कायद्यात येणारे अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ किंवा ऑनलाइन चालवायचे नाहीत. मानसशास्त्र, पोषण-आहारशास्त्र, मायक्रोबायोलॉजी सगळं त्यात आलं. वैद्यकीय, दंत, फिजिओथेरपी तर आधीपासूनच बंद होतं.

मी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर नोकरीतल्या नर्सेसना शिकवलंय. इग्नूचा पोस्ट बेसिक बीएस्सी अशाच जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्यांसाठी आहे. या बायका रात्रपाळी करून रविवारी वर्गात येतात. पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकतेय त्याचा आलेख, शिकवताना कॉलेजच्या मुली आलेख काढून मोकळ्या होतात. या विचारतात, "मॅडम, रेषा अ‍ॅक्शन लाइनकडे (धोक्याच्या रेषेकडे) सरकायला लागली, पण ॲम्ब्युलन्स दोन तासांवर आहे, तर रेफर कधी करायचं?" असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांना घरी पुस्तकं पाठवून शिकवलं तर बिघडलं कुठे?

लेबररूम_इन्चार्ज
ताई, तुमच्या विद्यार्थिनी आधीच शिकलेल्या होत्या, हे तुम्हीच लिहिलंय. पार्टोग्राफ भरणं कागदावर शिकवता येतं हो. पण त्यावर जो आकडा टाकायचा, गर्भाशयाचं मुख चार सेंटीमीटर उघडलंय की सहा, तो बोटांना कळतो. त्यासाठी शेजारी उभी राहून "परत बघ" म्हणणारी सिस्टर लागते. झूमवर ती कुठून आणणार?

आणि लॉगबुकचं, म्हणजे केलेल्या प्रॅक्टिकलच्या नोंदवहीचं काय? शेवटच्या आठवड्यात एकाच पेनाने, एकाच शाईत भरलेली लॉगबुकं सहीसाठी माझ्या टेबलावर येतात. मी परत पाठवते. दुसरीकडे होते सही.

रविवारची_बाई
लॉगबुकचं मान्य. पण तो रोग नियमित कॉलेजांतही आहे. तिथे वॉर्डात पेशंट कमी आणि मुली जास्त, मग केस स्टडी एकमेकींच्या वहीतून. त्यासाठी कॉलेजं बंद करा असं कुणी म्हणत नाही.

पथ्यपाणी
मी आहारशास्त्र शिकवते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळं ऑनलाइन गेलं तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. पण विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरातल्या माणसांचा चोवीस तासांचा आहार लिहायला लावला आणि मजा आली. डायबेटिसवाल्या आजोबांच्या ताटातली भाकरी, गूळ घातलेला चहा, दुपारचा चिवडा, सगळं खरंखुरं. वर्गात आम्ही छापील 'नमुना रुग्णा'वर काम करतो, जो कधी चोरून पेढा खात नाही.

डायलिसिसच्या पेशंटचं पोटॅशियम सांभाळायचं असेल तर मात्र हॉस्पिटलच हवं, तिथे वाद नाही. पण मग घरी होण्यासारखा भाग आणि हॉस्पिटलचा भाग वेगळा करा ना!

लेबररूम_इन्चार्ज
कागदावर वेगळा होतो. पण पदवी एकच छापून येते, आणि दवाखान्याबाहेर 'डाएटीशियन' पाटी लावताना कोण सांगतं की माझा हॉस्पिटलचा भाग राहिलाय?

समुपदेशक_सोलापूर
मानसशास्त्राबद्दल बोला कुणीतरी. इंग्रजी, इतिहास, मानसशास्त्र असे विषय घेऊन दूरस्थ बीए करणारे काही क्लिनिक उघडत नाहीत. त्यात शिक्षक असतात, पोलीस असतात. आदेशाने त्यांच्या पदवीतलाही तो विषय काढला, बाकीचे विषय ठेवून. हे मला अतिच वाटतं. एमएच्या प्रॅक्टिकलला लगाम घाला, मी सही करतो.

लेबररूम_इन्चार्ज
बीएचं मान्य. तिथे कुणाचा जीव जात नाही.

नोकरीतल्या नर्सचंही मी मान्य करेन, एका अटीवर: तिचं प्रॅक्टिकल तिच्याच रुग्णालयात न घेता दुसऱ्या जिल्ह्यातल्या मोठ्या रुग्णालयात, सलग महिनाभर, बाहेरच्या परीक्षकासमोर घ्या. स्वतःच्या वॉर्डात स्वतःच्याच इन्चार्जकडून पास होणं मला पटत नाही.

रविवारची_बाई
महिनाभराची रजा कोण देणार? पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) ती एकटीच असते. तिच्या जागी माणूस पाठवायचा हुकूम आधी निघू दे, मग तुमची अट मीच लावून धरते.