आर्वी तालुक्यातील दाढदुखी : मंडळाच्या यादीवरील पत्रव्यवहार

विषय : आईच्या दाढेची सूज, गावाकडे तातडीने कुठे न्यावे?

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझी आई (वय ७२) वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात आमच्या गावी राहते. तिची उजवीकडची खालची दाढ चार दिवस ठणकत होती आणि काल रात्रीपासून गाल सुजला आहे. तिला मधुमेह आहे आणि हृदयासाठी रक्त पातळ ठेवण्याची गोळीही सुरू आहे. औषधांच्या दुकानातून आणलेल्या गोळीने चार तास बरे वाटते, मग ठणका पुन्हा सुरू होतो. शेजारच्या काकू म्हणतात की सुजेत कोणीही दाढ काढत नाही, म्हणून सूज उतरल्यावरच जावे. वहिनीला ते पटत नाही. इथे परदेशात रात्रीचे साडेअकरा झाले आहेत आणि तिकडे सकाळचे दहा. वहिनीने आज निघावे की दोन दिवस थांबावे, आणि निघाल्यास तिथे काय होईल, हे कोणी सांगू शकेल का? आपल्यातील डॉक्टरकाकांनी पूर्वी विदर्भातच दवाखाना चालवल्याचे ऐकून आहे.

आपली नम्र,
एक सभासद

—

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या वहिनींचे म्हणणे बरोबर आहे. आजच निघावे, आणि दुपार होण्यापूर्वी. नुसता ठणका असता तर उद्या सकाळपर्यंत थांबा असे मी म्हटले असते. परंतु सूज आली म्हणजे दाढेच्या मुळाशी साचलेला पू हाडाबाहेर पडून मऊ भागात पसरू लागला आहे, आणि मधुमेहात तो अधिक वेगाने पसरतो. शिवाय गावाकडे अंतर हाही आजाराचाच एक भाग धरावा लागतो. शेवटची एस.टी. गेल्यावर रात्री अकराला स्पेशल गाडी शोधत फिरण्यापेक्षा उजेडी निघालेले केव्हाही बरे.

निघण्यापूर्वी वहिनींना फोनवर काही गोष्टी पाहायला सांगा. आईला थुंकी गिळता येते का, जीभ वर उचलल्यासारखी झाली आहे का, आवाज घोगरा किंवा तोंडात घास असल्यासारखा येतो का, हनुवटीखाली किंवा गळ्यापर्यंत कडक सूज उतरली आहे का, थंडी वाजून ताप आहे का? यांपैकी एकही लक्षण असेल तर दातांच्या दवाखान्याचा विचार सोडून १०८ वर फोन करावा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जावे. जबड्याखाली दोन्ही बाजूंनी पसरणाऱ्या या सुजेला लुडविग या जर्मन डॉक्टरांचे नाव आहे. त्यांनी तिचे वर्णन १८३६ मध्ये केले. रोगी दगावतो तो दुखण्याने नव्हे, श्वासमार्ग दाबला गेल्याने, म्हणून अशा वेळी भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग असलेली जागाच हवी. तुम्हाला ती वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथे मिळेल, कारण तिथे रुग्णालय आणि दंत महाविद्यालय एकाच आवारात आहेत. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालयही १९६८ पासून तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात आहे, पण तुमच्या गावापासून ते बरेच लांब पडते.

तोंड किती उघडते हेही पाहायचे असते, आणि विदर्भात याच प्रश्नापाशी घोटाळा होतो. सुजेमुळे दोन दिवसांत तोंड मिटत जाणे हे धोक्याचे लक्षण आहे. मात्र आपल्याकडे वर्षानुवर्षे खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे मिश्रण) खाणाऱ्या माणसाचे तोंड मुळातच दोन बोटांपेक्षा कमी उघडते. सुपारीमुळे गालाच्या आतील त्वचा कडक होऊन आखडते आणि त्याला त्याची इतकी सवय होते की तो ते सांगतच नाही. म्हणून मी रोग्याऐवजी घरच्यांना विचारत असे, ‘मागच्या आठवड्यात ज्वारीची भाकर तुकडा न करता खाता येत होती का?’ येत होती आणि आज येत नाही, असे उत्तर आले की मी सरळ पुढे पाठवत असे. तुमच्या आईंना खर्रा किंवा गुडाखूची (दातांना चोळायच्या तंबाखूची) सवय नसेल, परंतु हे पत्र यादीवर जात आहे आणि अनेकांच्या घरी कोणीतरी तसे असते, म्हणून विस्ताराने लिहिले.

वरीलपैकी काहीच नसेल तर तालुक्याच्या गावातील नोंदणीकृत दंतवैद्याकडे जायला हरकत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा दंतवैद्य नसतो. ग्रामीण रुग्णालयात त्या दिवशी आहे की नाही हे आधी फोन करून विचारावे. रात्रपाळीचे डॉक्टर इंजेक्शन देऊन ठणका थांबवतील, पण दाढेचे काम होणार नाही. दिवे जातात तेव्हा दातांची यंत्रे चालवणारा कॉम्प्रेसर बंद पडतो आणि खुर्चीचे कामही थांबते, त्यामुळे दवाखान्यात इन्व्हर्टर किंवा जनरेटर आहे का, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे. बाजाराच्या दिवशी फळकूट मांडून कवळ्या बसवणाऱ्याकडे सुजेच्या माणसाला नेऊ नये, हे तुम्हाला सांगायला नकोच.

तिथे गेल्यावर काय होईल ते सांगतो. आधी दाढेचा छोटा एक्स-रे काढतील आणि साखर तपासतील. मग डॉक्टरांना दाढ वाचवण्याजोगी वाटली तर ती वरून उघडून पू वाहू देतील. नसेल तर काढतील किंवा हिरडीला छोटी चीर देऊन पू मोकळा करतील. सुजेत दाढ काढतच नाहीत, हा तुमच्या काकूंचा समज सरसकट खरा नाही. त्यामागचे कारण मात्र खरे आहे : पुवाच्या आम्लतेमुळे त्या जागी बधिरतेचे इंजेक्शन नीट चढत नाही. म्हणून खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागच्या बाजूला, सुजेपासून दूर इंजेक्शन देतात, आणि तेही पुरेसे चढले नाही तर त्या दिवशी फक्त पू काढून दाढेचे काम पुढे ढकलतात. म्हणजे एकाच फेरीत सगळे उरकेल ही अपेक्षा ठेवू नये. तीन ते पाच दिवसांनी दुसरी फेरी धरूनच चाला. नुसत्या प्रतिजैविकाच्या गोळ्या देऊन घरी पाठवले, तर ‘पू कधी काढणार?’ हे वहिनींनी अवश्य विचारावे, कारण मुळाशी साचलेले तसेच राहिले की गोळ्या संपताच सूज परतते.

औषधांबाबत माझा थोडा राग आहे, तो समजून घ्या. गावातील काही ठिकाणी सूज उतरवायला स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याने गाल दोन दिवस बारीक दिसतो, साखर मात्र भडकते आणि आतला पू तसाच राहतो. आईंना ते देऊ देऊ नका. दुखण्यासाठी त्यांच्या वयाला पॅरासिटामॉल अधिक सुरक्षित आहे. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन रक्त पातळ करण्याच्या गोळीसोबत मनाने घेऊ नये. दाढेवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवल्यास हिरडी भाजते. गालावर गरम शेक देऊ नये. रक्त पातळ करण्याची गोळी स्वतःहून बंद करू नये. ती ॲस्पिरिनसारखी असेल तर न थांबवताही दाढ काढता येते, आणि वॉरफॅरिन असेल तर आधी रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारी आय.एन.आर. तपासणी करावी लागते. म्हणूनच सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. आईंनी नाश्ता करून आणि मधुमेहाची गोळी घेऊनच निघावे. उपाशीपोटी साखर उतरून खुर्चीवर चक्कर आलेले रोगी मी बरेच पाहिले आहेत.

आपला,
मंडळातील डॉक्टरकाका

—

डॉक्टरकाका, सप्रेम नमस्कार.

वहिनी दुपारी एकलाच निघाली. गिळायला त्रास नव्हता आणि तोंडही नेहमीसारखे उघडत होते, म्हणून ते तालुक्यालाच गेले. दाढ उघडून पू काढला आहे, साखर २६० निघाली आणि शुक्रवारी पुन्हा बोलावले आहे. आता आईने नवा प्रश्न काढला आहे : दाढ काढली तर डोळ्यांची नजर अधू होते का? मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ती फार धास्तावलेली आहे.

आपली नम्र,
एक सभासद

—

प्रिय ताई,

होत नाही. दाढेच्या आणि डोळ्याच्या नसा वेगळ्या आहेत; दाढ काढल्याने नजर जात नाही, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर फक्त डोळ्यांच्या डॉक्टरांना कळवून ठेवावे, इतकेच. दाढ काढलीच तर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा, त्या दिवशी सारखे थुंकायचे नाही आणि खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे जागेवर रक्ताची गाठ टिकते. तिसऱ्या दिवशी ठणका कमी होण्याऐवजी वाढला तर ती गाठ सुटली असे समजून परत दाखवावे. तो पू नसतो आणि जखम धुऊन औषधाची पट्टी ठेवली की बहुधा एक-दोन दिवसांत आराम पडतो. साखर २६० असल्याने शुक्रवारपर्यंत रोज तपासा आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना आकडा कळवा. सूज गळ्याकडे उतरली तर शुक्रवारची वाट पाहू नका.

आपला,
डॉक्टरकाका