मदत हवी आहे : विद्यापीठ सोडलं, आता माझ्या नोट्स आणि लेक्चर्स कुणाच्या मालकीची?

नमस्कार मंडळी. अकरा वर्षं एका विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवलं, गेल्या वर्षी दुसरीकडे रुजू झाले. त्या अकरा वर्षांत नोट्स लिहिल्या, स्लाइड्स केल्या, आणि लॉकडाऊनमध्ये घरी बसून माझ्याच लॅपटॉपवर लेक्चर्स रेकॉर्ड करून विभागाला दिली. तेव्हा सही वगैरे कुणी मागितली नाही आणि मलाही काही विचारावंसं वाटलं नाही. विद्यार्थी अडले होते, एवढंच डोक्यात होतं.

परवा एका जुन्या विद्यार्थिनीने स्क्रीनशॉट पाठवला. स्लाइड्स माझ्याच, पहिल्या पानावर नाव दुसऱ्याचं. माझ्याच कशावरून? नॉर्मल कर्व्हच्या (घंटेच्या आकाराच्या आलेखाच्या) आकृतीत उजवं शेपूट, म्हणजे उजवीकडचं निमुळतं टोक, रंगवायचं, ते मी घाईत डावं रंगवलं होतं. दरवर्षी वर्गात तोंडी दुरुस्त करायचे, फाइल बदलायची राहून जायची. ते डावं शेपूट अजून तसंच आहे! शिवाय माझी रेकॉर्डिंग्ज आता फी घेऊन चालणाऱ्या एका कोर्समध्ये दाखवतात.

मी पत्र लिहिलं. उत्तर आलं की सेवाकाळात तयार झालेलं सगळं साहित्य विद्यापीठाचं, पुस्तक काढायचं असेल तर आधी ना-हरकत घ्या. इथेच घोडं अडलंय. त्याच नोट्सवरून पुस्तक लिहून तयार आहे आणि प्रकाशकाच्या करारात 'लेखक हा एकमेव स्वामित्वधारक आहे', म्हणजे कॉपीराइट फक्त लेखकाचा, असं कलम आहे. खोटं ठरलं तर नुकसानभरपाई माझ्या माथी. सही करू का? आणि सगळंच विद्यापीठाचं असेल, तर इतकी वर्षं शोधनिबंधांचे हक्क जर्नलांना लिहून देताना मी नेमकं काय देत होते? तेव्हा तर कुणी हरकत घेतली नाही.

प्रतिसाद :
ताई, सही लगेच करू नका. आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 17 आहे. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लिखाणाचा पहिला मालक नोकरी देणारा, मात्र उलट करार नसेल तर. त्यामुळे पहिलं काम म्हणजे नेमणूकपत्र, सेवाशर्ती आणि विद्यापीठाचं बौद्धिक संपदा धोरण शोधून काढा. अनेक ठिकाणी त्या धोरणातच पुस्तकं आणि शोधनिबंध लेखकाचे असं स्पष्ट लिहिलेलं असतं. लॅपटॉप तुमचा होता या मुद्द्यावर फार भिस्त ठेवू नका. ते लिहिणं तुमच्या नोकरीचं काम होतं का, हा खरा प्रश्न.

प्रतिसाद :
वरच्या मुद्द्यात भर घालतो. शिकवणं हे नोकरीचं काम, पण शिकवण्यासाठी केलेलं लिखाणही आपोआप नोकरी देणाऱ्याचं होतं असं न्यायालयांनी सरसकट मानलेलं नाही. इंग्लंडमध्ये 1952 साली एका सल्लागार कंपनीच्या अधिकाऱ्याच्या पुस्तकाचा खटला झाला. त्याने दिलेल्या व्याख्यानांवरचा भाग त्याचा ठरला, पण कंपनीने सोपवलेल्या कामातून लिहिलेला भाग कंपनीचा. एकाच पुस्तकाचे असे दोन वाटे! अमेरिकेत 1969 मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने प्राध्यापकाच्या व्याख्यानांचा हक्क विद्यापीठाचा नसून प्राध्यापकाचा, असं धरलं. तिथला युक्तिवाद तुमच्याच परिस्थितीला लागू पडणारा आहे. व्याख्यानं विद्यापीठाची मानली तर नोकरी बदललेल्या शिक्षकाला दुसरीकडे तोच विषय शिकवणं कठीण होईल. हे निकाल इथे बंधनकारक नाहीत, पण पत्रात मांडायला उपयोगी आहेत. जर्नलचा तुमचा मुद्दाही जरूर लिहा. विद्यापीठ स्वतः इतकी वर्षं काय गृहीत धरून चाललं, हे त्यातून दिसतं.

धागाकर्ती :
खूप आभार दोघांचे. पण नावाचं काय? पैशांपेक्षा तेच जास्त लागलंय. पहिल्या पानावर दुसऱ्याचं नाव बघून दोन रात्री झोप नाही.

प्रतिसाद :
मॅडम, नावाच्या बाबतीत तुमची बाजू भक्कम आहे. कलम 57 प्रमाणे लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क मालकीपासून वेगळा आहे. कॉपीराइट विद्यापीठाचा ठरला, अगदी तुम्ही स्वतः लिहून दिलेला असला, तरी ओळखीचा हा हक्क तुमच्याकडेच राहतो. तेव्हा नावाची मागणी स्वतंत्र पत्रात करा, मालकीच्या वादात मिसळू नका. त्या डाव्या शेपटाची मूळ फाइल, तारखेसकट, जपून ठेवा. नक्कल मुळाशी जुळवताना अशा चुकाच कामी येतात.

रेकॉर्डिंगचं गणित निराळं आहे. कायद्यातल्या 'परफॉर्मर'च्या व्याख्येत नट, गायकांबरोबर व्याख्यान देणाराही आहे, म्हणजे नोट्स कुणाच्याही असोत, बोलणारी म्हणून तुमचे वेगळे हक्क आहेत. दुसरीकडे, व्हिडिओ ज्याच्या पुढाकाराने आणि जबाबदारीवर तयार झाला तो त्याचा निर्माता. तुम्ही घरी एकट्याने रेकॉर्ड केलं, पण विभागाने सांगितलं म्हणून. वकिलाला दाखवण्याजोगी जागा हीच आहे. त्या वेळचे ईमेल काढून ठेवा.

आणि हक्क लिहून द्यायचे तर सहीनिशी लेखी लागतं, तोंडी चालत नाही. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. म्हणून प्रकाशकाचा कागदही नीट वाचा.

प्रतिसाद :
पुस्तकाबद्दल एक. कॉपीराइट मांडणीचा असतो, विषयाचा नाही. संख्याशास्त्र कुणाच्याच मालकीचं नाही. नोट्समधून जशीच्या तशी उचललेली प्रकरणं नव्या उदाहरणांनी, नव्या आकृत्यांनी परत लिहून काढलीत तर ना-हरकतीचा प्रश्न बराचसा सुटेल. मेहनत आहे, कबूल.

धागाकर्ती :
अपडेट देते. नेमणूकपत्र सापडलं. त्यात कॉपीराइटचा शब्द नाही, सेवाशर्तींतही नाही. बौद्धिक संपदा धोरणाची प्रत मागवली आहे. नावाबद्दलचं पत्र आज वेगळं पाठवलं, दोन्ही स्लाइड्स शेजारी शेजारी छापून. प्रकाशकांशी बोलले, एकमेव स्वामित्वाचं ते कलम बदलून द्यायला ते तयार आहेत. चौथं आणि सातवं प्रकरण नव्याने लिहायला घेतलंय. बौद्धिक संपदेची कामं करणारे वकील कुणाच्या माहितीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.